पीजीच्या फ्रीजमधलं श्रीखंड

आधी एक कबुली देते. दसऱ्याला सगळ्यांना श्रीखंड खाऊ घालीन असं मी ऑगस्टमध्ये, गणपतीच्या दिवसांत सांगून बसले होते. तेव्हा माझ्याकडे नोकरी होती.

मी राहते बंगळुरूच्या मारतहळ्ळीत. घर मिरजेला. इकडे यायचं ठरलं तेव्हा बाबांनी मोबाईलवर नकाशा उघडून नाव वाचलं आणि म्हणाले, "नावातच मराठा आहे, म्हणजे आपली माणसं असणार." कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे गाव, एवढं मिरजेच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण नावाच्या पहिल्या भागाबद्दल इथे दहा माणसं दहा गोष्टी सांगतात. सगळ्यात लाडकी गोष्ट जवळच्याच एचएएलने बनवलेल्या 'मरुत' विमानाची. १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या त्या लढाऊ विमानावरून गावाला नाव पडलं म्हणे. खरं-खोटं काहीही असो, बाबांना ती गोष्ट आवडली नाही. त्यांना मराठाच हवा होता.

तर नोकरी. मी कंटेंट रायटर आहे. गाद्या, विमा, केसांचं तेल, कुत्र्यांचं खाणं, ज्याच्यावर सांगाल त्याच्यावर लिहिते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्हा सहा जणांना एका मीटिंगला बोलावलं आणि मीटिंग संपली तेव्हा दोघं उरले होते. त्या दोघांत मी नव्हते. महिन्याचा पगार मिळेल, लॅपटॉप शुक्रवारपर्यंत जमा करा, ऑल द बेस्ट. संपलं.

मी घरी सांगितलं नाही. का, ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सांगावं लागणार नाही. इंग्रजीत बी.ए. करते म्हणाले तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "त्याचं पुढं काय?" सव्वादोन वर्षं दर महिन्याच्या पगाराने मी त्या प्रश्नाला उत्तर देत आले होते. आता उत्तर नव्हतं.

आणि डोक्यावर दसरा. ९ जणांना आमंत्रण दिलेलं.

गॅस नाही, कढई नाही

आमच्या पीजीत खोलीत स्वयंपाकाला बंदी आहे. इलेक्ट्रिक केटल चालते, बाकी काही नाही. मजल्यावर सगळ्यांचा मिळून एक फ्रीज. त्यात प्रत्येकीचा डबा, डब्यावर नाव लिहिलेली चिकटपट्टी.

अशा ठिकाणी सणाचं काय करणार? पुरणपोळी नाही, करंजी नाही, साधा शिरासुद्धा नाही. बाहेरून मिठाई आणायची तर ९ जणांचा हिशोब मला परवडणारा नव्हता. पण श्रीखंडाला विस्तव लागत नाही. दही, कापड, साखर आणि थांबायची तयारी, एवढंच लागतं. आणि थांबायला त्या आठवड्यात माझ्याकडे वेळच वेळ होता.

आमच्याकडे दसऱ्याला श्रीखंड-पुरी हे ठरलेलं. घरी लहानपणी पातेल्याच्या तळाला राहिलेलं श्रीखंड बोटाने पुसून खायची माझी पाळी असायची. हा पदार्थ किती जुना आहे हे मात्र मी इकडे आल्यावर वाचलं. संस्कृत ग्रंथांत याला शिखरिणी म्हणतात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला मंगरस तिसरा याने कन्नडमध्ये लिहिलेल्या 'सूपशास्त्र' या पाकग्रंथातही शिखरिणीची कृती आहे. म्हणजे मी कर्नाटकात काही परकं घेऊन आलेले नव्हते. गुजराती मैत्रीण तर म्हणाली, "आमच्याकडे फळं घालून करतात, त्याला मठो म्हणतात."

आणि दह्याचं पाणी काढून टाकायची ही युक्ती फक्त आपलीच नाही. मॉलमध्ये चढ्या भावाने मिळणारं ग्रीक योगर्ट हे गाळलेलं दहीच. लेबनॉन, सीरियाकडची लबनेही तीच, फक्त ती मंडळी वरून मीठ आणि ऑलिव्ह तेल घालतात आणि रोटीने पुसून खातात. पुसून खातात हे वाचलं आणि माझं काम झालं. पुऱ्या तळता येत नाहीत ना? मग श्रीखंड मध्ये वाडग्यात ठेवायचं आणि भोवती बुडवून खायच्या गोष्टी. पार्टीत चिप्सबरोबर डिप ठेवतात तसं.

पहिला चक्का, जो कुणी खाल्ला नाही

सोमवारी रात्री नंदिनीची दह्याची दोन पाकिटं आणली, अर्धा-अर्धा किलोची. पांढरं कापड नव्हतं, म्हणून जुना सुती स्टोल घेतला. धुतलेला होता, स्वच्छ होता. गाठ मारून खिडकीच्या गजाला बांधला, खाली बादली. झोपले.

मंगळवारी दुपारी गाठ सोडली तर चक्का छान घट्ट झालेला. बोट लावून चाखला. आंबट होता, रात्रभर आणि वर अर्धा दिवस बाहेर राहिल्यावर होणारच. पण आंबटपणाच्या मागून आणखी एक चव आली. लॅव्हेंडरची. कपडे धुताना शेवटी सुगंधाचं जे निळं पाणी घालतो ना, त्याची.

एक किलो दही, पन्नासेक रुपये. एरवी मी ऑटोवाल्याशी इतक्या पैशांसाठी वादही घातला नसता. त्या दिवशी मात्र त्या गोळ्याकडे बघून मला रडू आलं. दह्यासाठी नाही, हे मलाही कळत होतं. सव्वादोन वर्षं लोकांना केसांचं तेल कसं निवडावं हे सांगणाऱ्या मला एक कापड निवडता आलं नाही, असं काहीतरी डोक्यात आलं.

मी आईला फोन लावला. काही विचार न करता, लहानपणी पडल्यावर हाक मारतो तसा.

"आई, चक्क्याला साबणाचा वास आला तर काय करायचं?"

"टाकून द्यायचा. कशात बांधलास?"

सगळं सांगितलं. ती हसली, मग नीट एकेक सांगत गेली. कापड पांढरं, नवं असेल तर खळ निघेपर्यंत धुतलेलं. साबण नको, नुसत्या कढत पाण्यातून काढायचं. बाहेर टांगायचं नाही, फ्रीजमध्ये टांगायचं. पिळायचं नाही. घाई करून पिळलं की चक्का कापडातून बाहेर येतो आणि पाणी आतच राहतं. केशर नसलं तरी चालेल, जायफळ चुकवू नको.

मी लिहून घेत होते. शेवटी ती म्हणाली, "आज ऑफिस नाही होय?"

"वर्क फ्रॉम होम आहे."

"बरं."

एवढंच. फोन ठेवल्यावर घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं.

दुसरा चक्का

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. कर्नाटकात हा दिवस कसा असतो हे पाहिलं नसेल तर एकदा बघाच. कलामंदिर स्टॉपपर्यंत चालत गेले तर प्रत्येक ऑटोला झेंडूच्या माळा, बसच्या पुढे केळीचे खुंट, दुकानांच्या दारात कुंकू माखून फोडलेले कोहळे. रस्ताभर पांढरा-लाल गर. ज्या अवजारावर पोट चालतं त्याची पूजा. रूममेटने लॅपटॉपला गंध लावून फूल वाहिलं आणि मला विचारलं, "तुझा कुठाय?" मी म्हटलं, "दुरुस्तीला दिलाय." आठवड्यातलं माझं दुसरं खोटं.

स्टॉपजवळच्या दुकानातून पुरुषांचे मोठे पांढरे रुमाल घेतले, चार. दोन किलो दही घेतलं. रुमाल आधी खळ निघेपर्यंत धुतले, मग बादलीत टाकून वर केटलमधलं उकळतं पाणी ओतलं. पिळून, गार करून एकावर एक दोन अशी दोन बोचकी बांधली आणि फ्रीजच्या वरच्या जाळीला दोरीने टांगली. खाली डबा. बाजूच्या डब्यांच्या मालकिणींना ग्रुपवर मेसेज केला: हे माझं दही आहे, घाबरू नका.

रात्री फोनवर यूपीआयचा आवाज आला. आईकडून १,००० रुपये. खाली लिहिलं होतं, 'दह्याला'.

दह्याला हजार रुपये लागत नाहीत, हे आमच्या आईइतकं कुणालाच माहीत नसेल. मी बराच वेळ ते बघत बसले. उत्तर म्हणून हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

आता कृती, कारण तुम्ही त्यासाठीच आला आहात

९-१० जणांसाठी, बुडवून खाण्याइतपत:

दही २ किलो, ताजं, आंबट नसलेलं
पिठीसाखर, एका वाटी चक्क्याला पाऊण वाटी
वेलची ८-१०, ताजी कुटून
जायफळ, किसणीवर चार-पाच वेळा फिरवून
मीठ, अगदी चिमूटभर
दूध ३-४ चमचे
सीताफळं २, पिकलेली
वरून थोडा पिस्ता किंवा चारोळी

दही फ्रीजमध्ये १२ तास टांगायचं. बोट टेकवलं आणि चिकटलं नाही, कापड अलगद सुटून आलं, की चक्का तयार. माझ्याकडे साधारण ८०० ग्रॅम निघाला. म्हशीच्या दुधाचं दाट दही असेल तर जास्त निघेल. खाली जमलेलं पाणी फेकू नका. घरी असाल तर कणीक मळा, कढीत घाला. मी मीठ-जिरेपूड घालून प्यायले.

चक्क्यात पिठीसाखर घालून हलकं कालवायचं आणि तासभर झाकून ठेवायचं. साखर विरघळताना चक्का सैल होतो, म्हणून दूध आधी घालायचं नाही, नाहीतर अंदाज चुकतो. तासाने गाळायचं. घरी पुरणयंत्र असतं, माझ्याकडे चहाची गाळणी होती. चमच्याच्या पाठीने थोडं थोडं घासत गाळलं. पाऊण तास गेला, हात भरून आला, पण गुठळी एक राहिली नाही. हे टाळू नका. श्रीखंड आणि साखर घातलेलं घट्ट दही यांच्यात फरक आहे तो या गाळण्याचा.

मग वेलची, जायफळ, मीठ. पुरीबरोबरचं श्रीखंड घट्ट हवं, पण बिस्कीट बुडवायचं तर थोडं सैल हवं, नाहीतर बिस्कीट मोडून आतच राहतं. म्हणून आता एकेक चमचा दूध. चमचा उलटा केल्यावर श्रीखंड लगेच पडू नये, हळूहळू घसरावं, इतपत.

निम्मं तसंच ठेवलं. निम्म्यात सीताफळ. शरद ऋतूत बाजारात सीताफळांचे ढीग असतात, तेव्हा आंब्याची आठवण काढण्यात अर्थ नाही. बिया काढून गर हाताने मोकळा करायचा आणि खायच्या अर्धा तास आधीच मिसळायचा. आधी घातला तर पाणी सुटतं, रंगही काळपटतो. पिस्त्याची भरड करा, घरात लहान मूल असेल तर बारीक पूड.

बुडवायला काय? मी ठेवलं ते असं: लिंबाच्या पाण्यातून काढलेल्या सफरचंदाच्या फोडी, म्हणजे त्या लाल पडत नाहीत. मारी बिस्किटं. गुजराती मैत्रिणीने आणलेला साधा खाकरा. आणि कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतली खारी बिस्किटं, हिरवी मिरची आणि कढीपत्ता घातलेली. ही शेवटची मी स्वतःसाठी आणली होती, चुकून त्याच ताटात गेली.

गच्चीवर

गुरुवारी, २ ऑक्टोबरला, संध्याकाळी सात वाजता आम्ही गच्चीवर बसलो. चटई, दोन वाडगे, मध्ये मोबाईलचा टॉर्च. तेलुगू, ओडिया, मल्याळी, गुजराती, एक दिल्लीची आणि मी. आउटर रिंग रोडवर सुट्टी असूनही हॉर्न वाजत होते.

पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही. स्वयंपाक करणाऱ्याला यासारखी दुसरी पावती नसते. मग ओडिया मैत्रिणीने खारं बिस्कीट सीताफळाच्या श्रीखंडात बुडवलं, खाल्लं, आणि ताट स्वतःकडे ओढून घेतलं. गोड, थंड, मागून मिरची. पाच मिनिटांत खारी बिस्किटं संपली, मारी तशीच राहिली.

खालून मालकीणबाई आल्या. आम्ही त्यांना आंटी म्हणतो. मूळच्या धारवाडकडच्या, त्यामुळे मराठी समजतं. आवाज कसला ते बघायला आल्या असाव्यात, पण हातात बन्नीची पानं होती. आपण दसऱ्याला आपट्याची पानं देतो, तिकडे शमीची देतात, तीच बन्नी. प्रत्येकीच्या हातावर एकेक डहाळी ठेवत त्या म्हणाल्या, "बन्नी तगोंडु बंगारद हागे इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. आपण म्हणतो तेच, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.

मग त्यांनी वाडग्याकडे बघितलं. "श्रीखंड? पुरी इल्ला?"

"गॅस नाही ना, आंटी."

त्या काही बोलल्या नाहीत. उरलेलं एक खारं बिस्कीट बुडवून खाल्लं, मान हलवली, आणि जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी सांग. खाली माझ्याकडे तळून घे."

रात्री साडेदहाला सगळ्या खाली गेल्यावर मी आईला फोन केला. दसऱ्याच्या शुभेच्छा, श्रीखंड कसं झालं, लॅव्हेंडर नव्हतं ना, सगळं झालं. आणि मग मी सांगितलं. सरळ, एका वाक्यात. "आई, माझी नोकरी गेलीय. दोन आठवडे झाले."

"मला मंगळवारीच वाटलं," ती म्हणाली. "सव्वादोन वर्षांत तू कधी मंगळवारी दुपारी तीनला आपणहून फोन केलायस?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हटलं." मग जरा थांबून, "जेवतीयेस ना नीट?"

तिने बाबांना सांगितलेलं नव्हतं. फोन त्यांच्याकडे दिला. ज्या प्रश्नाची मला दोन आठवडे धास्ती होती तो आता येणार म्हणून मी हातातल्या बन्नीच्या पानांचे तुकडे करत बसले.

बाबांनी विचारलं, "हाताशी काही काम आहे का?"

एक आहे, मी म्हटलं. छोटं. एका दुकानाच्या वेबसाईटचं, तीन आठवड्यांचं. दोन ठिकाणी टेस्ट दिलीय.

"खोलीचं भाडं?"

नोव्हेंबरपर्यंतचं आहे.

पलीकडे शांतता. मागे आईचा आवाज, भांड्यांचा आवाज. मला वाटलं, आता म्हणतील, ये परत.

"दिवाळीला राणी चेन्नम्माचं तिकीट काढतो," ते म्हणाले. "परतीचंही आत्ताच काढून टाकतो. नंतर मिळत नाही."

मी बरं म्हणाले. आणखी काही बोलता आलं नाही.

हे लिहिते आहे तेव्हा कोजागरी दोन दिवसांवर आली आहे. ओडिया मैत्रीण म्हणते, त्यांच्याकडे त्याच रात्री कुमार पौर्णिमा असते, चंद्राची पूजा करतात, तर पुन्हा गच्चीवर बसू या. आटीव दूध करायला गॅस लागेल, म्हणून आज सकाळी खाली जाऊन आंटींना विचारून आले. त्या हो म्हणाल्या. श्रीखंडही होणार आहे, कमी प्रमाणात. फ्रीजमध्ये एक बोचकं टांगलेलं आहे.

तुम्ही करणार असाल तर आज रात्रीच दही टांगा, उद्या दुपारपर्यंत तयार होईल. खारी बिस्किटं मात्र मारीच्या दुप्पट आणा. आणि कापड धुताना ते सुगंधाचं निळं पाणी घालू नका.